भरलेला दिवस आणि रांगेचे गणित

"दहाच मिनिटांचे काम आहे, जरा बघतोस का?" असे सहकाऱ्याने विचारले की नाही म्हणणे जड जाते, आणि संध्याकाळी स्वतःचे काम अर्धवट राहिले की त्याचा दोष आपण आपल्या स्वभावाला देतो. खरे तर हा प्रश्न बराचसा गणिताचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी दूरध्वनी केंद्रात येणाऱ्या कॉलचा अभ्यास करताना १९०९ साली या गणिताचा पाया घातला.

त्यातले सर्वांत साधे सूत्र विलक्षण सुंदर आहे. कामे केव्हाही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर नव्या कामाची सरासरी प्रतीक्षा म्हणजे व्यग्र वेळेचे प्रमाण भागिले मोकळ्या वेळेचे प्रमाण, गुणिले एका कामाचा सरासरी वेळ. एक काम २० मिनिटांचे धरू. दिवस निम्मा भरलेला असेल तर प्रतीक्षा २० मिनिटांची, ८० टक्के भरलेला असेल तर ८० मिनिटांची आणि ९० टक्के भरलेला असेल तर तीन तासांची! आठ तासांच्या दिवसात ८० वरून ९० टक्क्यांवर जायला केवळ ४८ मिनिटांची जादा मदत पुरते, पण रांगेतील प्रत्येक कामाची, म्हणजे आपल्या स्वतःच्या कामाचीही, प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते. याचे कारण असे की कामे घोळक्याने येतात आणि सकाळी रिकामी गेलेली पंधरा मिनिटे दुपारच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. साचलेला ढीग उपसायला पुढचा मोकळा वेळच काय तो उरतो, आणि नेमका तोच आपण निम्मा केलेला असतो.

मग आधी काय करावे? तीन तासांच्या अहवालाआधी दहा मिनिटांची मदत केली तर अहवाल दहा मिनिटे लांबतो. उलट केले तर सहकारी तीन तास अडकतो. लहान काम आधी घेतल्याने सरासरी प्रतीक्षा सर्वांत कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. मात्र दर वेळी हातातले काम टाकून मदतीला धावण्यात एकतृतीयांश वेळ जाऊ लागला, तर चार तासांचे स्वतःचे काम सरासरी सहा तासांनी पुरे होते.

या हिशेबात मनाला बसणारा भुर्दंड धरलेलाच नाही. काम अपुरे सोडून दुसरीकडे वळल्यावर लक्षाचा काही अंश मागेच गुंतून राहतो आणि नवे कामही त्यामुळे खालावते, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवले. म्हणूनच एकाच वेळी अनेक कामे करण्याचे कौशल्य शिकवण्याचा दावा करणाऱ्या कार्यशाळांवर माझा विश्वास नाही. "एवढा तक्ता पुरा करून येतो" असे सांगितले, तर सहकारी फार तर दहा मिनिटे थांबतो, आणि तक्ता मनातून उतरलेला असल्याने त्याच्या अडचणीकडे आपले पूर्ण लक्ष जाते.