दोर सोडायचा की बोट पळवायची?

कोकणात वादळावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. पाऊस लागायच्या आत होडी ओढून वर घ्यायची, झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय पाण्यात लोटायची नाही. याहून शहाणा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही, पण तो चालतो काठ जवळ असलेल्यांना. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 2 ऑक्टोबर 2024 रोजी ‘तारिणी’ ही शिडाची बोट घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी परतल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन हे वाटेतले थांबे. मधल्या दक्षिण महासागरात होडी ओढून ठेवायला काठच नाही. त्यात बोटीवर माणसं दोनच, म्हणजे एक झोपली की जागी एकटी.

दहा-बारा जणांचा ताफा असेल तर वादळात सुकाणूवर आळीपाळीने माणूस बसवता येतो. एक-दोघांच्या बोटीवर मात्र बोटीआधी माणूस थकतो. दोन रात्री झोप नाही, अंग ओलं, पोटात अन्न टिकत नाही, आणि मग साधी गाठही चुकीची बसते. म्हणून या मंडळींपुढचा प्रश्न वेगळा असतो: आपण खाली जाऊन पडलो तरी बोट लाटेला आडवी होणार नाही, यासाठी काय करून ठेवावं? बोट आडवी सापडली आणि लाट फुटली की कलंडलीच म्हणून समजा. या प्रश्नावर दोन पक्ष पडले. एक म्हणतो बोटीला लगाम घाला, दुसरा म्हणतो पळू द्या. हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि मिटायची चिन्हं नाहीत.

लगामवाल्यांचा मूळपुरुष जॉन व्हॉस. 1901 मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून एका झाडाच्या खोडातून कोरलेली ‘टिलिकम’ घेऊन तो निघाला आणि 1904 मध्ये लंडनला पोचला. त्याचा सगळा भरवसा समुद्र-नांगरावर. हा नांगर तळाला रुतत नाही. कापडाची शंकूसारखी पिशवी दोराने नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, पाण्यात सोडायची. ती पाणी धरून ठेवते आणि बोटीचं तोंड लाटेकडे राहतं. पुढे अनेकांना असं आढळलं की तळाला लांब कणा असलेल्या जड बोटीही या नांगरावर डावी-उजवीकडे झोके खातात, आणि मागे ढकलल्या गेल्या की सुकाणूवर घाव बसतो. उलट पक्षाला बळ दिलं अर्जेंटिनाच्या व्हितो दुमास यांनी. 1942-43 मध्ये, जग युद्धात गुंतलेलं असताना, हा गृहस्थ ‘लेह्ग 2’मधून एकटाच चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपासच्या वाऱ्यांतून पृथ्वीला वळसा घालून आला. त्यांची रीत अशी की शीड फडकतं ठेवायचं आणि लाटेपुढे पळायचं.

पळण्यालाही धोका आहेच. 14 फेब्रुवारी 1957 रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नच्या वाटेवर माइल्स आणि बेरिल स्मीटन या दांपत्याची ‘त्झू हँग’ एका लाटेने शेपटाकडून उचलली आणि नाळेवर कोलांटी खाऊन उलटी केली. सुकाणूवर असलेल्या बेरिल पाण्यात फेकल्या गेल्या. बरोबर जॉन गझवेल हा सुतारकामात तरबेज तरुण होता, म्हणून फुटलेलं छत झाकून तिघं चिलीला पोचले. त्याच वर्षी डिसेंबरात, या खेपेला दोघंच असताना, बोट पुन्हा उलटली.

1960 मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडायची पहिली शर्यत झाली. पाचच स्पर्धक होते. त्यातल्या ब्लाँडी हॅसलर यांनी ‘जेस्टर’ या पंचवीस फुटी बोटीवर चिनी पद्धतीचं एकच शीड चढवलं होतं. बसल्या जागी, तोंड तेवढं झाकणाबाहेर काढून ते आखडता यायचं. वाऱ्यावर आपोआप चालणारं सुकाणूही त्यांनी बसवलं. मला विचाराल तर वादळातल्या युक्त्यांइतकाच हा शोध मोठा आहे, कारण वादळात निम्मे अपघात माणूस डेकवर गेला म्हणूनच होतात असं वाटत राहतं.

आता आपल्या जवळची गोष्ट. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या 1968-69 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले आणि एकच पोचला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी. त्यांची 32 फुटी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, अस्सल सागवानाची. दोन्ही टोकांना निमुळती असल्यामुळे मागून आलेली लाट तिच्या पाठीवर आपटण्याऐवजी दुभंगायची. पहिल्याच मोठ्या वादळात ती आडवी झाली आणि केबिनचं छत हललं. मग रॉबिन यांनी एक रीत बसवली. पॉलिप्रॉपिलीनचा लांबच लांब दोर घ्यायचा, दोन्ही टोकं बोटीच्या मागच्या बाजूला बांधायची आणि मधला फास पाण्यात सोडून द्यायचा. एवढ्या दोराच्या ओढीने बोटीचं शेपूट लाटेकडे धरून ठेवलं जायचं, वेग उतरायचा आणि रॉबिन खाली जाऊन झोपू शकायचे.

त्याच शर्यतीतल्या बर्नार्ड मोआतेसिए यांना हे पटणारं नव्हतं. त्याआधी 1965-66 मध्ये ते पत्नीसह ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनला गेले होते. तेव्हा त्यांनीही आपल्या ‘जोशुआ’ बोटीच्या मागे दोर सोडले होते, पण लाटा बोटीला मागून चिरडू लागल्या. दोरांनी बांधलेली बोट लाटेपुढून निसटणार कशी? मग त्यांना दुमास आठवले. चाकूने दोर तोडले, वेग घेतला आणि प्रत्येक लाट पंधरा-वीस अंशांनी तिरकी घेतली, म्हणजे नाळ समोरच्या पाण्यात रुतत नाही. बोट सुटली. मात्र हे जमायला चाकावर हात हवा, तोही जागा. ‘जोशुआ’ला आत बसून फिरवता येईल असं चाक आणि बाहेर बघायला काचा असलेला लोखंडी घुमट होता, आणि पोलादी बोट. हे सगळं सगळ्यांकडे नसतं.

1979 च्या फास्टनेट शर्यतीने हा वाद प्रयोगशाळेत नेला. 303 बोटी निघाल्या आणि आयर्लंडच्या दक्षिणेला वादळात सापडल्या. 15 स्पर्धकांचा जीव गेला. माणसांनी सोडून दिलेल्या 24 बोटींपैकी बुडाल्या फक्त 5. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. पुढे पाण्याच्या टाकीत नमुना-बोटींवर केलेल्या चाचण्यांनी दाखवलं की बोटीच्या लांबीच्या साधारण 60 टक्के उंचीची फुटती लाट आडवी बसली तर जवळपास कोणतीही बोट उलटते. अमेरिकी विमान-अभियंते डोनाल्ड जॉर्डन यांनी याच काळात एक तोड काढली. एकाच मोठ्या पिशवीऐवजी लांब दोरावर शंभराहून जास्त चिमुकले शंकू आणि टोकाला वजन. एखादा शंकू लाटेच्या फेसात निकामी झाला तरी बाकीचे पाणी धरून असतात, म्हणून झटका बसत नाही. सोडायला काही मिनिटं. ओढून घ्यायला मात्र हाताची सालं निघतात. दोघांच्या बोटीवर माझं मत जॉर्डनना. दोराला झोप येत नाही.

भारतात ही विद्या आली ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या हट्टातून. साताऱ्यातल्या फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून त्यांनी ‘सागर परिक्रमे’चा, म्हणजे शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या नौदलाच्या मोहिमेचा, पाठपुरावा केला. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये तिच्यातून चार थांबे घेत एकट्याने प्रदक्षिणा केली, तर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये मुंबई ते मुंबई, कुठेही न थांबता.

2018 मध्ये गोल्डन ग्लोब पुन्हा जुन्याच साधनांनी भरवली, तेव्हा टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून, ‘थुरिया’तून, उतरले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वाऱ्याने सत्तर नॉट (तासाला सुमारे 130 किलोमीटर) गाठले, बोट उलटली, डोलकाठी गेली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ‘थुरिया’ तिथेच सोडावी लागली. डिसेंबरात सूझी गुडॉल शंकूंचा दोर मागे सोडून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, खाली बसलेल्या होत्या. दोर तुटला. बोट नाळेवरून कोलांटली आणि केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे दोन हजार मैलांवर एका मालवाहू जहाजाने त्यांना वाचवलं. त्या शर्यतीत पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या आणि पाचच जणांनी ती पूर्ण केली.

टॉमींच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवाव्या लागल्या. 2022 च्या शर्यतीत ते ‘बयानत’ घेऊन परत त्याच समुद्रात गेले आणि 29 एप्रिल 2023 रोजी फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात पोचले, दुसरे.