स्टॅम्प पेपर नसला तर बांधकामाचा करारच नाही?

घरमालक आणि ठेकेदार यांच्यातील बोलणे स्टॅम्प पेपरवर उतरले नसेल तर कायद्याने करारच होत नाही, असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. मुद्रांकाचे महत्त्व खरे असल्याने तो पटतोही.

भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 10 नुसार करारासाठी सक्षम पक्षांची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश लागतो. त्यात मुद्रांकाची अट नाही. म्हणून साध्या कागदावरचा, प्रसंगी तोंडीसुद्धा, करार बंधनकारक ठरू शकतो, मात्र तोंडी ठरलेला दर सिद्ध करताना दोन्ही बाजूंची दमछाक होते. मुद्रांक शुल्क हा निराळा प्रश्न आहे: महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे शुल्क न भरलेला दस्त पुराव्यात घेतला जात नाही, परंतु थकीत शुल्क आणि दंड भरल्यावर तो सर्वसाधारणपणे स्वीकारता येतो.

ही दोन्ही कलमे सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. उलट, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर नुसत्या सह्या असतील आणि चौरस फुटाचा दर, सिमेंट-सळईचा दर्जा, हप्त्यांचे टप्पे, जादा कामाची पद्धत यांचा उल्लेखच नसेल, तर वादाच्या वेळी त्या महागड्या कागदाचा फारसा उपयोग होत नाही.