महूदची ‘चित्तरकथा’ आणि तिच्या आधीच्या बायका

‘माझ्या’ नव्हे, ‘माज्या’. ‘जन्माची’ नव्हे, ‘जल्माची’. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या आत्मकथनाचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूकच वाटली होती. पण लिहिणाऱ्या बाईंचा जन्म शाळेत मुलांच्या पाट्या तपासण्यात गेला होता, शुद्धलेखन त्यांना पक्कं येत होतं. सांगोला तालुक्यातल्या महूदची, महार घरातली ही मुलगी. जन्म १ मार्च १९२३ चा. १९४२ मध्ये ती सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली. निवृत्त झाल्यावर लिहायला बसली तेव्हा शाळेची भाषा तिने बाजूला ठेवली आणि आई-बापाच्या तोंडची उचलली. १९८६ साली पुस्तक आलं, पुढे दूरदर्शनवर त्याची ‘नाजुका’ ही मालिका झाली. आमच्या जिल्ह्यातल्या बाईचं आयुष्य घरोघरी दिसलं, आणि ते तिने स्वतः सांगितलेलं होतं.

बाईने ‘मी’ म्हणून उभं राहण्याची ही रीत कुठून आली हे शोधायला महूदहून फार लांब जावं लागत नाही. शेजारीच मंगळवेढा आहे. चोखोबांची सोयराबाई तिथली. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग निर्मळ आहे तरी कोण, असं तिने अभंगात रोखठोक विचारलं. कान्होपात्राही तिथलीच. वाघाने धरलेल्या हरिणीच्या पाडसाची उपमा तिने स्वतःला दिली, आणि पाचेकशे वर्षांनंतरही ती ओळ ऐकताना अंगावर काटा येतो. पंढरपुरात नामदेवाघरची जनाबाई दळता-कांडता अभंग रचत होती. पण या सगळ्यांत आयुष्याचे क्षण आहेत, सलग हकिकत नाही. ती सांगितली सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईने. ब्राह्मण घरातली असून तिने तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने मारलं, हेसुद्धा तिने अभंगांतून नोंदवलं. मराठी बाईच्या आत्मकथेची सुरुवात मी इथूनच धरते.

छापील पुस्तकं आली ती इंग्रजी अमलात, शिकलेल्या घरांतून. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० च्या. नावातच ‘आमच्या’ आहे, कारण नवऱ्याच्या आठवणी सांगण्याच्या निमित्तानेच बाईला स्वतःबद्दल बोलता येत होतं. तरीही बाई शिकते म्हणून घरातल्या बायकांनीच केलेला जाच त्यांनी लपवला नाही. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात उभं केलेलं सेवासदन पुढे सोलापुरातही आलं, आणि इथल्या किती मुली तिथे शिकल्या हे सोलापूरकरांना सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त नवरा आहेच, पण गोष्ट निःसंशय लक्ष्मीबाईंची आहे. पार्वतीबाई आठवले, आनंदीबाई कर्वे यांनीही लिहिलं. बहुतेक सगळ्या ब्राह्मण घरांतल्या. वाडा, सोवळं, केशवपन हे त्यांचं जग होतं. गावकुसाबाहेरची बाई त्यांत जवळजवळ नाहीच.

ती यायला शाळा आणि बाबासाहेबांची चळवळ, दोन्ही लागल्या. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं किराणा दुकान चालवत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि कागद लपवून ठेवायच्या, तेही वीसेक वर्षं. नवऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात आलं, मग १९८६ मध्ये पुस्तक झालं, म्हणजे शांताबाईंच्याच साली. आत्मकथन लिहिणारी पहिली दलित बाई कोण यावर वाद घालतात, मला त्यात रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: एकीजवळ मास्तरकीचा पगार होता, दुसरीजवळ दुकानाचा गल्ला. अडाणी म्हणून हिणवलेल्या बोलीत लिहायचं बळ या स्वतःच्या कमाईतूनही आलं असणार. नंतर उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ मध्ये आलं, तेही नोकरी करणाऱ्या बाईचंच.

सोलापूरशी जोडलेलं आणखी एक नाव कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदूताई परुळेकरांचं. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वारली आदिवासींच्या लढ्याचं पुस्तक आहे, पण त्यात एक शिकलेली शहरी बाई जंगलपट्टीत जाऊन कशी बदलत जाते हेही दिसतं. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला गोदूताईंचं नाव आहे. दुपारी तिथल्या गल्लीतून गेलं की उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार भरेपर्यंत मान वर होत नाही, तोंडाने मात्र तेलुगूत गोष्टी चालू असतात, मध्येच मराठी, मध्येच हिंदी. सासूच्या, कारखानदाराच्या, परत पाठवलेल्या विड्यांच्या. त्या गोष्टी त्यांच्याच तोंडच्या मराठीत, ‘जल्मा’सारख्या एखाद्या शब्दासकट, मला पुस्तकात वाचायच्या आहेत.