गुलाबाचे फाटे कलम

फुलासाठी तोडलेल्या किंवा छाटणीत निघालेल्या गुलाबाच्या दांडीचा तुकडा ओलसर रेतीत लावून त्याला स्वतःच्या मुळ्या फुटू देण्याची रीत. हिला छाट कलम असेही म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत गावठी गुलाब असाच वाढवतात. रोपवाटिकेतला गुलाब मात्र बहुधा डोळा (पानाच्या बगलेतला कोंब) भरून केलेला असतो, म्हणजे खाली जंगली खुंट आणि वर हव्या जातीचा डोळा. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा डोळा जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर बांधतात, त्यातलाच हा प्रकार. फाटे कलमात खुंटच नसल्याने खालून रानफूट येत नाही आणि झाड बुंध्यापर्यंत वाळून पुन्हा फुटले तरी फूल तेच येते. उणीव अशी की अनेक संकरित जातींची स्वतःची मुळे नाजूक असतात व काळ्या भारी जमिनीत ती दमतात.

गावठी, वेली आणि बटण गुलाब सहज मुळ्या धरतात. मोठ्या फुलांच्या हायब्रीड टी जाती कमी धरतात, त्यातही पिवळ्या जाती विशेष हट्टी. नागपूरच्या सीताबर्डीसारख्या फूलबाजारातून येणारे लांब दांडीचे गुलाब बहुधा पॉलिहाउसमधले असतात. ते शीतगृहातून येतात, कित्येक दिवस बादलीत उभे असतात आणि दांडीतला साठा फूल उमलण्यात खर्ची पडलेला असतो. अशा दहा दांड्यांतून एक-दोन जगल्या तरी समाधान मानावे. पाने टवटवीत, साल हिरवी आणि पानांच्या बगलेतले डोळे फुगलेले पण न फुटलेले असतील तरच श्रम घ्यावेत. रंग चढवलेले निळे गुलाब या कामाचे नाहीत. बाजारातल्या पुष्कळ जातींवर पैदासकाराचा हक्क असतो, त्यांची रोपे विकायची तर त्याची परवानगी लागते.

विदर्भात हंगाम हाच निम्मा निकाल. दसऱ्यानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. उकाडा ओसरलेला असतो, थंडी बोचरी झालेली नसते आणि रोपाला उन्हाळ्यापूर्वी चार महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठतात आणि मुळ्या रेंगाळतात. फेब्रुवारीतले कलम मार्चअखेर जेमतेम मुळावर येते, तोच पारा चाळिशीकडे निघतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा मिळतो खरा, पण तुकडे कुजण्याचे प्रमाणही तेव्हाच सर्वाधिक.

फूल नुकतेच गळलेली, पेन्सिलीएवढी जाड दांडी निवडावी. काटा बोटाने आडवा दाबल्यावर कट्‌कन मोडला तर दांडी योग्य पक्व आहे. नुसता वाकला तर कोवळी. शेंडा कोवळा म्हणून सडतो, बुडखा निबर म्हणून उशीर लावतो, मधला भाग सर्वांत चांगला. पाण्यात राहिलेले टोक २–३ सें.मी. कापून टाकावे. मग धारदार, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने १५–२० सें.मी.चे, ३–४ डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली व सपाट, वरचा डोळ्याच्या अर्धा सें.मी. वर व तिरपा. यामुळे खालवर ओळखू येते. उलटा लावलेला तुकडा मुळ्या धरत नाही. वरचे एक पान ठेवून त्याच्या पर्णिका (पानातली छोटी पाने) अर्ध्या छाटाव्यात, बाकी पाने काढावीत. बुडाशी एका बाजूने २ सें.मी. साल हलकेच खरवडावी, कारण मुळ्या त्या जखमेच्या कडेने फुटतात.

आयबीए या मुळ्या फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाची ०.२–०.३ टक्क्यांची पावडर कृषी केंद्रात मिळाल्यास ओले बूड तीत टेकवून झटकावे. थर जाड झाला तर बूड करपते. मध, दालचिनी, हळद यांनी मुळ्या फुटत नाहीत. फार तर बुरशी थोडी आवरते. दांडी बटाट्यात खोचण्याची युक्ती तर टाळावीच. बटाटा आधी कुजतो आणि दांडीलाही नेतो.

माध्यम म्हणून धुतलेली नदीची जाड रेती आणि कोकोपीट किंवा चाळलेले कुजके पालापाचोळ्याचे खत समप्रमाणात घ्यावे. काळी माती मुळीच नको. ती ओली असताना हवा कोंडते, वाळली की भेगाळून कोवळ्या मुळ्या तोडते. ताजे शेणखतही नको. छिद्रे पाडलेल्या, १५ सें.मी. खोल पिशवीत आधी काडीने भोक करून दोन डोळे आत जातील एवढा तुकडा लावावा, भोवतीची रेती दाबावी आणि एकदा भरपूर पाणी द्यावे. वरून बूड कापलेली २ लिटरची प्लास्टिक बाटली झाकावी. पिशव्या कडुनिंबाच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत, विटांवर ठेवाव्यात. जमिनीवर ठेवल्या तर उधई लागते. ऊन थेट पडले तर बाटलीत तुकडा अक्षरशः उकडून निघतो.

पाणी वरचा २ सें.मी. थर सुकल्यावरच. बाटलीच्या आत दव धरलेले दिसते तोवर हात आवरावा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी गुलाबाला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. तिथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. साबणाचे न्हाणीचे पाणी कुठेच नको.

दोन आठवड्यांत बुडाशी पांढरट गाठ येते, ३–५ आठवड्यांत मुळ्या. मधल्या काळातली मोठी फसगत म्हणजे पालवी. दांडीतल्या साठ्यावर डोळे फुटतात, लोक रोप लागले समजून बाटली काढतात आणि तिसऱ्या दिवशी पालवी माना टाकते. खरी खूण वेगळी. तुकडा हळूच वर ओढल्यास त्याने अडून राहावे. उपटून पाहू नये, कोवळी मुळी काचेसारखी तुटते. बूड काळे पडून वर चढत गेले तर पाणी जास्त झाले. तो तुकडा लगेच काढावा. साल सुरकुतली तर हवा कोरडी होती.

मुळ्या धरल्यावर बाटली पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण काढावी. आणखी महिन्याने रोप मोठ्या पिशवीत हलवावे आणि पहिला उन्हाळा तिथेच, सावलीत काढू द्यावा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जमिनीत नवे रोप टिकणे कठीण. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावणी करावी. भारी जमिनीत खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे भरण्याचा सल्ला सर्रास देतात, पण तसा खड्डा हौदासारखा पाणी धरतो. त्यापेक्षा मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून २०–३० सें.मी. उंच गादीवाफा करावा. दिवाळीपर्यंत येणाऱ्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात.