निकोटीनचा गम म्हणजे तंबाखू नव्हे

तंबाखू काय करते ते पुडीवरच्या चित्रात दिसतं, ते उगाळत बसत नाही. बोलायचंय ते निकोटीनच्या गमबद्दल. कॅन्सरच्या ओपीडीत तंबाखू सोडवायला डॉक्टर तो लिहून देतात. पेशंटचा मुलगा मेडिकलच्या दारात पाकीट उलटंसुलटं करून वाचतो, 'निकोटीन' दिसलं की म्हणतो, "अहो, हे तर तेच विष!" पाकीट काउंटरवर परत. बाबा मात्र पोट साफ होत नाही म्हणून सकाळी चिमूटभर मळतातच. समुपदेशनाच्या टेबलावर हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही.

निकोटीन लत लावतं. कॅन्सर होतो तो सोबतच्या मालानं. सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात, त्यांतली सत्तरेक कॅन्सर करणारी. मळलेल्या तंबाखूत धूर नाही, पण नायट्रोसमाईन्स नावाची कॅन्सर करणारी रसायनं आहेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं खायची तंबाखू आणि तंबाखूचा धूर दोन्ही कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात घातलेत. निकोटीन त्या यादीत नाही.

मग लत लावणारीच वस्तू औषध म्हणून कशी चालते? फरक वेगाचा आहे. झुरका मारल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मेंदूला चटक लागते ती त्याच झटक्याची. गममधलं गालाच्या आतून हळूहळू उतरतं, कातडीवर चिकटवायच्या पॅचमधलं त्याहून सावकाश. तलफ बोथट होते, झटका मिळत नाही. पुढे मात्राही कमी करत आणता येते.

फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची एर्लोटिनिबची गोळी बघा. सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत ती भराभर मोडून टाकतं, रक्तात औषध कमी उरतं. हा उद्योग धुरातल्या डांबरी घटकांचा, निकोटीनचा नाही. म्हणजे घाबरून गम टाकला आणि सिगारेट चालू ठेवली, तर चालू उपचारालाच आपण गळती लावली.

निकोटीन अगदी साधूसंत आहे असंही नाही. रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे गालाच्या ऑपरेशनात फ्लॅप, म्हणजे दुसरीकडचं कातडं-मांस, बसवायचा असेल तर काही सर्जन तेवढ्यापुरतं तेही बंद ठेवायला सांगतात. ते सर्जनला विचारा, शेजाऱ्याला नको.

गम की पॅच, यात फार डोकं घालू नका. रेडिएशननं तोंड आलेल्याला चावणं जमत नाही, त्याला पॅच. गम मात्र बबलगमसारखा चघळायचा नसतो: चुणचुण होईपर्यंत चावायचा, मग गालात धरून ठेवायचा, तंबाखूचा बार धरतात तसा. घाईनं चघळलात की उचकी ठरलेली. आणि आधी पंधरा मिनिटं चहा नको.

माझा खरा राग केसपेपरवर. त्यावर विचारतात 'स्मोकिंग?' २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. मावशी सरळ 'नाही' सांगतात, दात मिसरीनं काळे. "मी कुठं तंबाखू खाते, नुसती मिसरी लावते." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, मावशी. आणि तलफ सोडवायला १८००-११२-३५६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.