वळचणीच्या फटी बुजवल्या की घर गार राहतं?

कोकणात हा समज पक्का बसला आहे: कौलांखाली, वळचणीला म्हणजे छपराच्या खालच्या कडेला ज्या फटी राहतात त्या सिमेंटने लिंपल्या आणि माळ्यावर थर्माकोल ठासून भरला की उन्हाळ्यात घर गार आणि पावसात कोरडं. प्रत्यक्षात होतं उलटंच.

मंगलोरी कौलांचं छप्पर श्वास घेतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली मंगळुरात ही कौलं बनवायला सुरुवात केली. एकमेकांत बसणाऱ्या खाचांतून पाणी खाली उतरतं, तर वळचणीतून आत आलेला वारा तापून आढ्याशी, म्हणजे छपराच्या माथ्याशी, बाहेर पडतो. खालची वाट बंद केली की माळ्यावर उष्णता कोंडते. पावसाळ्यात तर ओल तिथेच मुरते. एखादा वासा सुरीने टोचून बघा: आढ्याकडे टणक, पण सिमेंटात गाडलेल्या टोकाला पातं सहज आत जातं. शिवाय लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट तसं करत नाही, म्हणून तडे जातात. मग त्या तड्यांतून पाणी आत.

कडेची कौलं उडू नयेत ही काळजी रास्तच आहे. त्यासाठी कौलाच्या मागच्या बोंडाला भोक असतं, त्यातून तार ओवून कौल रिपेला (वाशांवरच्या आडव्या पट्टीला) बांधा. उंदीर-पाखरांसाठी बारीक जाळी ठोका. उष्णता अडवायचीच असेल तर चकचकीत फॉइल वाशांखाली लावा, पण कौल आणि फॉइल यांच्यामध्ये हवेला वाट ठेवा, वळचणीपासून आढ्यापर्यंत. आणि मे महिन्यात शाकारणी करताना खाचांतलं शेवाळ, पालापाचोळा काढायला विसरू नका. बऱ्याच घरांची गळती तिथूनच सुरू होते.