जुन्या अंकाचे पैसे नेमके कशाचे?

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या आठवड्यात इथल्या पत्रांनी काय छापले आणि काय गाळले, हे पाहायचे तर बांधीव फाइल गाठावी लागे. त्यासाठी वर्तमानपत्राच्या कचेरीत ओळख हवी, नाहीतर जुन्या वाचनालयाचा ग्रंथपाल प्रसन्न हवा. पावती कोणी फाडत नसे, पण गडचिरोलीहून येणाऱ्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस कोण मोजतो? जुन्या अंकांसाठी पैसे घ्यावेत का, हा वाद इंटरनेटपासून सुरू झाला असे म्हणतात, ते म्हणूनच मला अर्धेच पटते.

इथला ऐवज लहान नाही. अच्युतराव कोल्हटकरांचा ‘देशसेवक’ १९०७ चा, ‘हितवाद’ १९११ चा. माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ १९४४ चा, तर ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक म्हणून निघाला तो डिसेंबर १९७१ मध्ये. विदर्भाला महाराष्ट्रात आणताना झालेला १९५३ चा नागपूर करार आणि १९५६ मध्ये नागपूरची गेलेली राजधानी, दोन्हींवर अजून भांडण होते, आणि भांडायला जुने अंक लागतात. प्रकाशकाने अंकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी, ही तरतूद १९५६ मध्ये कायद्यात आली. पण त्या कायद्याची मोठी ग्रंथालये कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीला. नागपूरकराला ती सारखीच लांब!

ऑनलाइन फीची गोष्ट अमेरिकेतली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ १९९६ मध्ये इंटरनेटवर आला. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याच सुमारास वर्गणी लावली. टाइम्सने २००५ मध्ये स्तंभलेखक आणि जुना संग्रह कुलपात ठेवून वर्षाला ४९.९५ डॉलर मागितले. दोनच वर्षांत कुलूप काढावे लागले, कारण गूगलवरून येणारे वाचक दारातूनच परतत होते आणि त्यांच्यासोबत जाहिरातीही. मग १९८७ नंतरचा आणि १८५१ ते १९२२ चा मजकूर मोकळा झाला. २०११ मध्ये वर्गणी परत आली, ती महिन्याला काही लेख फुकट देऊन. त्याच वर्षी गूगलने जुनी वर्तमानपत्रे स्कॅन करणे थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वर्तमानपत्रांचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ सरकारी पैशातून उभारले, म्हणून ते वाचकाला फुकट. ब्रिटनमध्ये जुन्या पत्रांच्या संग्रहाला वर्गणी आहे.

मराठीत अडचण फीच्या आधीची. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्यापूर्वी आपली संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये चालत. तो फॉन्ट गेला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उरते. त्याहून जुने अंक स्कॅन केले तरी जोडाक्षरे ओळखताना यंत्र अडखळते. मग माणूस बसवून दुरुस्ती करावी लागते, आणि त्याचा पगार कुठून तरी यायला हवा. एवढ्या कामाची फी मागितली तर मी कुरकुर करणार नाही.

पण मालकी म्हणून मागितली तर हिशेब वेगळा. आपल्या कॉपीराइट कायद्यात बिननावाच्या मजकुराचा हक्क छापल्यापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे दीक्षेच्या त्या आठवड्यातल्या बिननावाच्या बातम्या १ जानेवारी २०१७ पासून कोणाच्याच नाहीत. फाइल मात्र ज्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. मजकूर मोकळा झाला म्हणून कपाट उघडा, असे कायदा त्याला सांगत नाही.